हेच ते दुखणं

‘कुठे दुखतंय?’ हा दवाखान्यातला सर्वांत साधा प्रश्न. दाढ ठणकत असेल, बोट चेमटलं असेल, गळू झालं असेल, तर त्याचं उत्तर एका बोटाने देता येतं. स्नायूंचं दुखणं घेऊन आलेला माणूस मात्र बोट उचलतो आणि त्याचा अख्खा पंजा फिरायला लागतो. मानेच्या मुळापासून खांद्यावर, खांद्यावरून दंडात, कधी कानामागून थेट कपाळापर्यंत. ‘इथून इथपर्यंत’ असं सांगून झालं की तोच पुढे म्हणतो, ‘म्हणजे अगदी इथेच असं नाही.’ एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ. एमआरआय काढलाच तर त्यात मणक्यांची झीज दिसते, पण तेवढी झीज काहीही दुखत नसलेल्या चाळिशीतल्या शेजाऱ्याच्या मणक्यांतही सापडते. रिपोर्ट नॉर्मल आल्याचा खरं तर आनंद व्हायला हवा. प्रत्यक्षात माणूस थोडा अपमानित होऊन परततो, कारण ‘काही झालेलं नाही तुला’ असं म्हणायला आता घरचे मोकळे झालेले असतात.

अशा दुखण्यावर हल्ली फिजिओथेरपिस्ट जे उपचार सुचवतात त्यांत ड्राय नीडलिंग हा एक आहे. सुई भरीव असते. तिच्यातून काही आत जात नाही, काही बाहेर येत नाही; औषध नाही म्हणून ती कोरडी. जाडी साधारण पाव मिलिमीटर. इंजेक्शनची नेहमीची सुई तिच्या दुप्पट-तिप्पट जाड असते. सुईसोबत प्लास्टिकची बारीक नळी येते. नळी कातडीवर टेकवून सुईच्या डोक्यावर टिचकी मारली की सुई कातडीच्या पलीकडे. टिचकी कळते, टोचणं बहुधा कळत नाही. खरा प्रकार पुढे, स्नायूत घडतो.

पण सुईकडे जाण्याआधी बोटांकडे पाहायला हवं, कारण या उपचाराचा मोठा भाग सुई उघडण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. फिजिओथेरपिस्ट स्नायूवरून आडवी बोटं फिरवत एखादा ताठरलेला पट्टा शोधतो, त्या पट्ट्यावरून सरकत गाठीसारखी एक जागा शोधतो, तिथे दाबून थांबतो आणि विचारतो, ‘हेच का?’ दुखत तर बऱ्याच ठिकाणी असतं. दाबल्यावर कोणाला दुखत नाही? त्याला विचारायचं असतं ते वेगळंच: रात्री कूस बदलताना जे उठतं, संगणकासमोर दुपारी चारनंतर जे डोकं वर काढतं, तेच ओळखीचं दुखणं आत्ता जागं झालं का? योग्य जागा सापडली तर उत्तर तत्काळ येतं, आणि ते देताना माणसाचा आवाजच बदलतो. ‘हो, हेच!’ कित्येकदा त्यात वेदनेपेक्षा आनंद जास्त असतो. इतके दिवस ज्याचा कोणाला पत्ता लागत नव्हता ते कोणाच्या तरी बोटाखाली आलेलं असतं.

मला या सगळ्या शास्त्राचा कणा या ‘हेच’मध्ये दिसतो. त्याची ताकदही त्यातच आणि त्याचा कमकुवतपणाही.

दुखणं एका जागी आणि त्याचं मूळ दुसऱ्या जागी, ही गोष्ट प्रयोगाने नीट मांडली गेली ती १९३८ साली, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये. सर थॉमस लुईस यांच्या विभागात केल्ग्रेन नावाचे एक तरुण डॉक्टर काम करत होते. त्यांनी स्वतःच्या आणि स्वेच्छेने तयार झालेल्या इतरांच्या स्नायूंत मिठाचं तीव्र द्रावण टोचलं आणि दुखायला कुठे लागतं त्याची नोंद ठेवली. टोचलं कुल्ल्यात आणि कळ गेली पायात, असे निकाल येऊ लागले. शिवाय कोणत्या स्नायूत टोचलं की कुठे दुखणार, याला काहीएक नियम दिसत होता. मग त्यांनी रोग्यांमध्ये उलटा शोध घेतला. दूरच्या दुखण्याचं मूळ वाटणारी दुखरी जागा शोधायची आणि ती बधिर करून पाहायची. कित्येकांचं दूरचं दुखणं त्याने थांबलं. स्वतःच्याच मांसात खारट पाणी टोचून घेणाऱ्या त्या माणसांचं मला कौतुक वाटतं. वेदनेच्या अभ्यासाला दुसऱ्याची साक्ष पुरत नाही हे त्यांना कळलं होतं.

पुढची पायरी अमेरिकेतल्या जॅनेट ट्रॅव्हेल यांची. न्यूयॉर्कमध्ये औषधशास्त्र शिकवणाऱ्या या डॉक्टर बाईंना स्वतःलाच खांद्या-हाताच्या दुखण्याने गाठलं होतं, आणि पाठीतल्या ज्या जागा दाबल्या की हातात कळ जाते त्या त्यांनी स्वतःच्याच अंगावर शोधल्या. अशा जागांना त्यांच्यामुळे ट्रिगर पॉइंट हे नाव रूढ झालं. १९५५ मध्ये त्यांच्याकडे एक तरुण सिनेटर आला. पाठीवर दोन शस्त्रक्रिया झालेल्या, कुबड्या घेऊन चालणारा. जॉन केनेडी. ट्रॅव्हेल यांनी त्याच्या पाठीच्या स्नायूंत बधिर करणारं प्रोकेन टोचलं, एक पाय किंचित आखूड आहे हे ओळखून बुटाची टाच उंच करून दिली आणि डोलखुर्ची वापरायला सांगितलं. तो राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा त्या व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या. राष्ट्राध्यक्षाचं आरोग्य सांभाळणाऱ्या त्या पहिल्या स्त्री डॉक्टर. त्यांचे सहकारी डेव्हिड सायमन्स हे विमानदलातले डॉक्टर. १९५७ च्या ऑगस्टमध्ये एका बंद डब्यात बसून, बलूनने, तीस किलोमीटरहून अधिक उंचीवर जाऊन आलेला हा माणूस. एवढ्या उंचीवरून पृथ्वीची गोलाई पाहून आल्यावर उरलेलं आयुष्य त्याने स्नायूतल्या काही मिलिमीटरच्या गाठीवर घालवलं.

या दोघांचा ग्रंथ दोन खंडांत निघाला, पहिला १९८३ मध्ये आणि दुसरा १९९२ मध्ये. त्यातली चित्रं आज जगभरच्या दवाखान्यांत तक्ते होऊन लटकतात. स्नायूवर फुलीची खूण, आणि दुखणं जिथे जातं तिथे लाल रंग. पाहत बसावं अशी ती चित्रं आहेत. पोटरीच्या आतल्या स्नायूवर फुली आणि लाल रंग टाचेवर. खांद्याच्या फऱ्यामागे फुली आणि लाली खांद्याच्या पुढच्या बाजूला. मानेच्या पुढच्या स्नायूवर फुली आणि लाली कपाळावर. डोकं दुखतंय म्हणून वर्षानुवर्षं कपाळाला बाम चोळणाऱ्या माणसाला हे चित्र पहिल्यांदा दाखवलं, तर त्याला आपण चुकीच्या दारावर थापा मारत होतो असं वाटणारच.

ट्रॅव्हेल टोचत होत्या ते औषध. सुई कोरडी झाली ती हळूहळू. वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळी द्रव्यं टोचत: कोणी प्रोकेन, कोणी स्टेरॉइड, कोणी साधं सलाइन. गुण सगळ्यांनाच यायचा. प्रागचे कारेल लेविट यांनी यावरून सरळ प्रश्न विचारला: या सगळ्यांत समान काय? समान होती ती सुई. त्यांनी २४१ रोग्यांच्या ३१२ दुखऱ्या जागांमध्ये नुसती सुई घातली आणि १९७९ मध्ये निष्कर्ष छापले. ८६.८ टक्के वेळा तिथल्या तिथे दुखणं थांबलं होतं. सुई नेमक्या त्याच जागी लागली आणि तीच ओळखीची कळ उठली तर गुण चांगला, असंही त्यांनी नोंदवलं. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे आजच्या निकषांवर तो फार टिकणार नाही. पण प्रश्न टिकला. २००१ मध्ये कमिंग्ज आणि व्हाइट यांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा आत काय टोचलं याने काही फरक पडल्याचं त्यांना दिसलं नाही. औषधशास्त्राच्या प्राध्यापिकेने सुरू केलेल्या उपचारातून औषधच गळून पडलं, यात एक मिस्कीलपणा आहे.

आता त्या स्नायूत काय होतं ते. सुई गाठीपर्यंत पोचली की स्नायूचा तो पट्टा एकदम फडकतो. क्षणभरच. पण ज्याचा तो फडकतो तो दचकतो, कारण त्याने काहीच केलेलं नसतं. आपलंच अंग आपल्याला न विचारता हललं, हा अनुभव मोठा विचित्र असतो. सशांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की त्या स्नायूची नस तोडली तर हे फडकणं जातं. पण मेरुरज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडला, तर काही काळ गप्प राहून ते परत येतं. म्हणजे हा सगळा व्यवहार स्नायू आणि मेरुरज्जू आपसांत उरकतात. मेंदूला बातमी नंतर मिळते. फिजिओथेरपिस्ट या फडकण्याची वाट पाहतात. ‘ट्विच आला’ असं ते एकमेकांना समाधानाने सांगतात. त्यानंतर एक-दोन दिवस ती जागा जड आणि दुखरी राहते, जिन्याची सवय नसलेल्या माणसाच्या मांड्या गड चढून आल्यावर राहतात तशी.

गाठ मुळात का पडते, याचं सायमन्स यांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं. ते पूर्ण सिद्ध झालेलं नाही तरीही. स्नायू आकसायला ऊर्जा लागते हे आपण गृहीतच धरतो. सैल व्हायलाही ऊर्जा लागते, हे सहसा लक्षात येत नाही. स्नायूच्या तंतूत मायोसिनची टोकं ॲक्टिनला धरून ओढतात तेव्हा आकुंचन होतं. ती टोकं सुटायची तर एटीपीचा रेणू त्यांना येऊन चिकटावा लागतो. आकुंचनाची आज्ञा देणारं कॅल्शियम पुन्हा कोठारात भरायलाही एटीपीच खर्च होतं. मेल्यानंतर शरीर ताठ का होतं? ऊर्जा संपते आणि धरलेलं सोडायला काही उरत नाही, म्हणून. सायमन्स यांचं म्हणणं असं की चेता जिथे स्नायूला भेटते त्या बिंदूपाशी ॲसिटिलकोलिन गरजेपेक्षा जास्त झिरपत राहतं. तिथला तंतू आकसून बसतो. आकसलेल्या भागात बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पडतो, एटीपी कमी पडतं, आणि एटीपी नाही म्हणून आकसलेलं सुटत नाही. साडीचा एखादा धागा खिळ्याला अडकून ओढला गेला की एका जागी चुणी पडते आणि त्या रेषेतलं बाकीचं कापड ताणलं जातं. स्नायूतही गाठीच्या दोन्ही बाजूंचा तंतू असा ताणून राहतो, आणि बोटाला जाणवतो तो हाच ताठ पट्टा. सुई या चक्रात कुठेतरी अडथळा आणते, असं मानलं जातं.

मानलं जातं म्हणालो खरा, पण अगदी हवेतलं नाही. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जय शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्यंत बारीक नळ्या बसवलेली सुई वापरून अशा जागांमधला द्रव थेंबाथेंबाने बाहेर काढून तपासला. २००५ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांत दुखणाऱ्या गाठीत आम्लता जास्त आढळली आणि सबस्टन्स पी, ब्रॅडिकायनिन यांसारखी वेदनेशी नातं असलेली द्रव्यंही वाढलेली आढळली. स्नायू फडकल्यानंतर त्यांतल्या काहींचं प्रमाण खाली आलं. पुढे २००९ मध्ये अल्ट्रासाउंडच्या एका खास तंत्राने या जागा भोवतालच्या स्नायूपेक्षा ताठ आहेत हे पडद्यावरही दिसलं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग संपलंच की. नाही संपलं.

१९९२ मध्ये एक प्रयोग झाला. या क्षेत्रातल्या जाणकार डॉक्टरांसमोर तीन प्रकारची माणसं ठेवली: सर्वांगदुखीचे म्हणजे फायब्रोमायाल्जियाचे रोगी, स्नायुगाठींचे रोगी आणि धडधाकट माणसं. कोण कोणत्या गटातला हे तपासणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. तपासणाऱ्यांत खुद्द सायमन्स होते. निकाल लाजिरवाणा म्हणावा असाच आला. ताठ पट्टे आणि फडकणं ही लक्षणं तिन्ही गटांत सारखीच सापडली, धडधाकटांतही. ज्यांनी ग्रंथ लिहिला त्यांच्याच बोटांना ग्रंथातली गोष्ट खात्रीने सांगता येईना. पुढे १९९७ मध्ये गर्विन आणि इतरांनी पुन्हा प्रयत्न केला. आधी तपासणाऱ्यांचं एकमत झालं नाही. एकत्र बसून, काय शोधायचं आणि कसं दाबायचं हे ठरवून सराव केला, तेव्हा झालं. यातून कोणी म्हणेल की बोटं शिकवता येतात. दुसरा कोणी म्हणेल की एकाच चुकीवर सगळ्यांचं एकमत करता येतं. दोन्ही म्हणणी मला तितकीच खरी वाटतात.

ऑस्ट्रेलियातले क्विंटनर आणि कोहेन ही जोडी गेली कित्येक वर्षं या कल्पनेमागे हात धुऊन लागलेली आहे. २०१५ मध्ये त्यांनी बोव्ह यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात स्नायूतल्या गाठीचं सगळं सैद्धांतिक घर पाडून टाकलं. दुखणं खरं आहे, असं ते म्हणतात. पण त्याचं कारण स्नायूत आहे हे कोणी दाखवून दिलेलं नाही. ते चेतांमध्ये किंवा मेंदू-मेरुरज्जूच्या वाढलेल्या संवेदनशीलतेतही असू शकतं. त्यांच्या लिखाणाला धार आहे आणि त्यांचे विरोधक त्यांच्यावर चिडतात. चिडण्याने युक्तिवाद खोडला जात नाही, एवढं मात्र खरं.

त्यात पीटर बाल्ड्री यांची गोष्ट आणखी गोंधळ वाढवते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या इंग्लिश डॉक्टरांकडे मानेच्या एका खोल स्नायूत गाठ असलेला रोगी आला. तिथे सुई खोल घातली तर फुप्फुसाला भोक पडण्याची भीती. म्हणून त्यांनी ती गाठीच्या वर, नुसती कातडीखाली ठेवली. दुखणं गेलं. मग इतर जागांवरही त्यांनी तेच केलं, आणि गुण येत राहिला. म्हणजे गाठीपर्यंत जायचीही गरज नव्हती? मग फडकण्याचं काय? एटीपीच्या त्या सुंदर चक्राचं काय? एकाच उपचाराचे दोन पंथ झाले, खोल सुईवाले आणि उथळ सुईवाले, आणि दोघांचेही रोगी बरे होऊन घरी जातात.

साहजिकच कोणीतरी विचारणार: सुई न टोचताही बरे होतील का? १९९८ मध्ये जर्मनीत स्ट्राइटबर्गर यांनी ॲक्युपंक्चरच्या प्रयोगांसाठी अशी सुई तयार केली जिचं बोथट टोक कातडीवर टेकताच सुई आपल्याच दांड्यात सरकते. रोग्याला टोचल्यासारखं वाटतं, टोचलेलं नसतं. अशा नकली सुईशी तुलना केल्यावर खऱ्या सुईचा वरचष्मा दिसतो, पण तो माफक. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात असं निघालं की फिजिओथेरपिस्टांनी केलेल्या ड्राय नीडलिंगमुळे उपचार न घेण्याच्या किंवा नकली उपचाराच्या तुलनेत पुढचे काही आठवडे दुखणं कमी होतं. पुरावा दुबळा ते मध्यम दर्जाचा, आणि वर्षभरानंतरचं कोणी नीट पाहिलेलं नाही. शिवाय नकली सुईने स्नायू फडकत नाही. एकदा फडकण्याचा अनुभव घेतलेल्या माणसाला फसवणार कसं? आणि टोचणारा तर जाणूनच असतो.

माझं मत विचाराल तर हा उपचार भोंदूपणा नाही आणि चमत्कारही नाही. खांदा-मान भरून आलेल्या माणसाला काही आठवडे मोकळं करणं, हे लहान काम नव्हे. पण त्या मोकळेपणामागचं कारण आपण छातीठोकपणे सांगावं एवढं आपल्याला कळलेलं नाही.

आपल्याकडे स्नायू आखडल्यावर जे केलं जायचं तेही काही कमी विचित्र नव्हतं. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, ही रीत महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत अजून सांगितली जाते. पायांकडून जन्मलेल्या माणसाच्या पायात गुण असतो, हा समज. कामाहून आलेला बाप पालथा पडून लहान पोराला पाठीवर चालायला लावायचा, ते तर कित्येकांच्या लहानपणातलं. पायाळूच्या समजुतीला शास्त्राचा आधार नाही, हे सांगायला नकोच. पण दुखऱ्या जागेवर दाब देणं आणि कोणीतरी आपल्या दुखण्याकडे लक्ष देणं, या दोन गोष्टी त्या लाथेतही होत्या आणि सुईतही आहेत. वेदनेच्या बाबतीत लक्ष देणं हे काही फुकटचं नसतं. मेंदू वेदना मोजून मापून जाणवू देतो. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मेरुरज्जूत वेदनेचे संदेश अडवणारी किंवा सोडणारी व्यवस्था असल्याचा सिद्धांत मांडला, तेव्हापासून हे गंभीरपणे घेतलं जातं.

याच मेल्झॅक यांनी दोन सहकाऱ्यांसह १९७७ मध्ये आणखी एक ठिणगी टाकली. ट्रिगर पॉइंट आणि ॲक्युपंक्चरचे बिंदू यांचे नकाशे एकमेकांवर ठेवून पाहिले तर ७१ टक्के जुळतात, असं त्यांनी लिहिलं. पुढे हे जुळणं ताणून जुळवलेलं आहे, अशी टीकाही झाली. पण भांडणाचं बीज पेरलं गेलं. ॲक्युपंक्चरवाले म्हणतात, ही आमचीच सुई, नाव बदलून नेलेली. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, आमची सुई शरीररचनेवर चालते, तुमच्या ऊर्जावाहिन्यांशी तिचा संबंध नाही. अमेरिकेत हे कोर्टात गेलं. वॉशिंग्टन राज्यात २०१४ मध्ये निकाल ॲक्युपंक्चरवाल्यांच्या बाजूने लागला, नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयात २०१८ मध्ये फिजिओथेरपिस्टांच्या बाजूने. सुई तीच, कातडी तीच, राज्याची सीमा ओलांडली की कायदा वेगळा. आपल्याकडे महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला. चीनची ही विद्या भारतात आणणाऱ्यांत डॉ. विजयकुमार बसू यांचं नाव घेतलं जातं. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून मुंबईहून चीनला निघाले, त्याच पथकात बसू होते. कोटणीस तिथेच १९४२ मध्ये वारले. बसू परत आले, आणि पुढे पुन्हा चीनला जाऊन सुया शिकून आले.

या भांडणात कोण खरा, यापेक्षा मला एक जुनी चिनी नोंद जास्त महत्त्वाची वाटते. सातव्या शतकातले वैद्य सुन सिमिआओ यांच्या ग्रंथात अशा बिंदूंचा उल्लेख आहे ज्यांना नकाशावर जागा नाही. वैद्य दाबत जातो आणि रोगी जिथे ‘हां, हेच’ असं ओरडतो तिथे सुई घालायची. या बिंदूंचं नाव आशी, आणि ते नाव पडलं तेच रोग्याच्या या उद्गारावरून. वाहिन्यांचं एवढं मोठं शास्त्र हाताशी असताना त्यांनी हा एक कोपरा रोग्यासाठी मोकळा ठेवला. तेराशे वर्षांनी अमेरिकेत ट्रिगर पॉइंटचे निकष लिहिले गेले, त्यांतही रोग्याने आपलं दुखणं ओळखणं हा निकष आला. तो निकष का लागला हेही आता समजतं. गाठी तर न दुखणाऱ्या माणसांतही असतात. गप्प बसलेल्या गाठी. त्यांतली बोलकी कोणती हे बोट सांगू शकत नाही, पडदाही धड सांगत नाही. ते सांगतो तो ज्याची ती गाठ आहे तो. प्रयोगशाळेला ही साक्ष आवडत नाही, कारण ती मोजता येत नाही आणि दोन तपासनीसांत जुळतही नाही. पण ती काढून टाकली तर हातात उरते ती ताठ पट्ट्यांची नुसती मोजणी, जी १९९२ मध्ये धडधाकट माणसांतही तेवढीच भरली होती.

धोक्याबद्दलही बोलायला हवं, कारण सुईची जाहिरात करणारे ते एका वाक्यात उरकतात. खांद्यावरचा ट्रॅपिझियस हा स्नायू सर्वांत जास्त दुखतो आणि सर्वांत जास्त टोचला जातो. त्याच्या खालीच फुप्फुसाचं टोक येतं. म्हणून शिकलेला हात तो स्नायू आधी चिमटीत उचलतो, फासळ्यांपासून दूर करतो, मग सुई घालतो. अमेरिकन स्कीपटू टोरिन येटर-वॉलेस याचं फुप्फुस २०१३ च्या अखेरीस ड्राय नीडलिंगमुळे मिटलं होतं. दुसऱ्याच वर्षी तो सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला, पण मधले आठवडे त्याचे त्यालाच माहीत. असे प्रसंग क्वचित घडतात. पण सुई घेतल्यानंतर काही तासांत छातीत दुखू लागलं, धाप लागली, तर तो स्नायूचा दुखरेपणा समजून घरी पडून राहू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं. सुश्रुताने आठ शस्त्रकर्मांत वेधनाला स्थान दिलं आणि त्याच संहितेत १०७ मर्मं मोजून त्यांना जपायला सांगितलं. कुठे टोचायचं नाही, हे शिकण्यात वैद्याचा जास्त वेळ जावा, असाच त्याचा रोख दिसतो. दोन दिवसांच्या कार्यशाळेत सुई घालायला शिकवतात. तो दुसरा भाग दोन दिवसांत येतो का, हे रोग्याने बिनदिक्कत विचारावं.

आणि पुन्हा केनेडी. व्हाइट हाउसमध्ये त्यांना प्रोकेनची इंजेक्शनं इतकी वारंवार लागू लागली की भोवतालचे इतर डॉक्टर अस्वस्थ झाले. १९६१ च्या अखेरीस हान्स क्राउस यांना बोलावलं गेलं. ऑस्ट्रियातून आलेला, कड्यांवर दोर टाकून चढणारा हा डॉक्टर. त्याने राष्ट्राध्यक्षांना तपासलं तेव्हा पोटाचे आणि पायांचे स्नायू कमालीचे दुबळे आणि आखडलेले आढळले. सुया बंद, व्यायाम सुरू, असं त्याने ठरवलं. आठवड्यातून तीन दिवस. काही महिन्यांत पाठ सुधारली. ट्रॅव्हेल यांना हे आवडलं नाही, आणि त्या दोघांचं नंतरही जमलं नाही.

यात ट्रॅव्हेल यांच्यावर थोडा अन्याय होतो असं मला वाटतं. त्यांनी आणि सायमन्स यांनी आपल्या ग्रंथात गाठ पुन्हा पुन्हा का येते यावर एक अख्खं मोठं प्रकरण लिहिलेलं आहे. पायांची लांबी, खुर्चीची उंची, एकाच खांद्यावरची जड पिशवी, आहारातली जीवनसत्त्वांची उणीव, थायरॉइड, अपुरी झोप, मनावरचा ताण. हे जागेवर ठेवून नुसत्या सुया घालत राहिलात तर दुखणं परत येणार, हे त्यांनी स्वच्छ बजावलं आहे. त्या ग्रंथातल्या फुल्यांचे आणि लाल रंगाचे तक्ते दवाखान्यादवाखान्यांत दिसतात. त्या प्रकरणाचा तक्ता भिंतीवर लावलेला मी अजून तरी पाहिलेला नाही.